रुमालातले कागद आणि दादीचा तुकडा

व्यापारी माणसाला तीन वह्या नेहमी हाताशी लागतात. रोजमेळ, खतावणी आणि उधारीची वही. चौथी वही घरच्या पेटीत असते आणि ती आपण वर्षानुवर्षे उघडत नाही. ती म्हणजे जमीनजुमल्याचे जुने कागद. आम्ही सिन्नरच्या पेठेत कापडाचा धंदा करतो आणि तालुक्यातल्या एका खेड्यात आमच्या घराण्याची आठ एकर शेती आहे. या आठ एकरांचा हिशेब आम्ही पन्नाशी उलटल्यावर प्रथमच वाचला. जे वाचले ते घरात शंभर वर्षे सांगितल्या गेलेल्या गोष्टीशी जुळले नाही. आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या घरीही अशा पेट्या असतील, म्हणून तो हिशेब इथे मांडत आहोत.

घरातली गोष्ट

गोष्ट अशी होती. पूर्वी आपली सव्वीस एकर जमीन होती. एका सावकाराने आजोबांच्या आजोबांचा अंगठा खोट्या कागदावर उठवून घेतला आणि अठरा एकर गिळली. उरलेली आठ एकर त्यांनी मोठ्या हिमतीने राखली. वालिद मरहूम हीच गोष्ट सांगत, आजोबाही हीच सांगत. या आठ एकरांना घरात 'दादीचा तुकडा' म्हणतात. कोणती दादी, हे आम्ही कधी विचारले नाही. एखादी म्हातारी तिथे राखण करीत असेल, असे धरून चाललो.

विचारण्याची गरजही पडली नव्हती. सिन्नर तालुका पहिल्यापासून कमी पावसाचा. बाजरी आणि हरभरा पिकला तर पिकला. १९७२ च्या दुष्काळात आमच्यासारखी कितीतरी घरे शेत सोडून गावात आली. कोणी विडीच्या कारखान्यात गेले, कोणी हातमागावर बसले, कोणी दुकान टाकले. शेताकडे वर्षातून दोनदा फेरी व्हायची. पुढे तालुक्यात औद्योगिक वसाहती झाल्या, शिर्डीचा रस्ता रुंद झाला, ७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून गेला. ज्या मुरमाड जमिनीला कोणी विचारत नव्हते तिला भाव आला. आमच्या गटातलाही काही भाग एका रस्त्यासाठी संपादनात गेला आणि मोबदल्याची नोटीस घरी आली.

मग चुलतभाऊ जमले. कोणाचा हिस्सा किती यावरून आवाज चढले. वकिलांनी विचारले, "ही जमीन मुळात घराण्यात आली कशी, याचा कागद आहे का?" तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली.

लिपी परकी, शब्द घरचे

पेटीत लाल कापडात बांधलेला रुमाल होता. आत मोडीतले चौदा कागद. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. मराठी आम्ही दुकानात आणि बाजारात शिकलो. मोडीचा कागद सुलटा धरला आहे की उलटा, हेही आम्हाला कळेना. ही अडचण आमचीच आहे असे नाही. १९५० च्या दशकापर्यंत मोडी कचेऱ्यांतून आणि शाळांतून गेली आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांचे जुने कागद त्या घरांनाच वाचता येईनासे झाले.

नाशिकचे एक निवृत्त शिक्षक मोडी वाचतात असे कळले. त्यांच्याकडे रुमाल घेऊन गेलो. गुरुजींनी सर्वांत जुना कागद उचलला आणि वाचू लागले, "सन खमस अर्बैन मयातैन व अलफ." आम्ही चटकन म्हणालो, "पाच, चाळीस, दोनशे आणि हजार. बाराशे पंचेचाळीस!" गुरुजी हसले. म्हणाले, "शेठ, हे आकडे माझ्या विद्यार्थ्यांना पाठ करावे लागतात. तुम्हाला घरूनच येतात." हे सुहूर सन. मराठी दरबारात आणि गावच्या दप्तरात ते शेकडो वर्षे चालले. आकडे अरबी, वर्षाची सुरुवात मात्र शेतकऱ्याच्या मृगापासून. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे आमचा पहिला कागद १८४४-४५ चा.

पुढे तर ओळीओळीला ओळखीचे शब्द येऊ लागले. वल्द, बिन, कौम, मजकूर, हक्क, दस्तुर. लिपी परकी होती, शब्द निम्मे घरचे होते.

जमीन मोजली आणि बाजारात आली

तो पहिला कागद सरकारी मोजणीच्या काळातला. इंग्रज सरकारने १८३६ साली इंदापुरापासून नवी मोजणी सुरू केली आणि १८४० च्या दशकात ती नाशिक भागात आली. त्याआधी शेताला नंबर नव्हता, नाव होते. आंब्याचे शेत, पिराचे शेत, वाटेवरचे शेत. यालाच थळ म्हणत. माप बिघ्यात आणि पांडात असे. मोजणीदारांनी साखळी टाकली, बांधावर दगड रोवले, एकर आणि गुंठे काढले, प्रत्येक शेताला नंबर दिला आणि तीस वर्षांसाठी सारा ठरवून टाकला. आमच्या घराण्याच्या नावे दोन नंबर लागले. एक अठरा एकरांचा, दुसरा आठ एकरांचा.

कापडाच्या धंद्यातून सांगायचे तर जमीन आता ताग्यासारखी झाली. मोजता येते, फाडून देता येते, विकता येते आणि तारणही ठेवता येते. सारा भरील तो खातेदार आणि खातेदाराला विकण्याची मोकळीक. यात शेतकऱ्याचा फायदा होता, कारण हक्क पक्का झाला. धोकाही यातच होता. पूर्वी सावकार पिकाच्या भरवशावर उधार देई, आता नंबराच्या भरवशावर देऊ लागला.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा सैल झाला, सावकार दारात येऊन कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळला. कर्जे मात्र राहिली. वर तीस वर्षांची मुदत संपताच १८७० च्या दशकात साऱ्याची फेरआकारणी आली.

सावकाराचा कागद

आमचा वादाचा कागद १८६७ चा निघाला. शिरोभागी लिहिले होते, तालुके सिन्नर, जिल्हे अहमदनगर. आम्हाला वाटले, हीच लबाडी. सिन्नर नगर जिल्ह्यात कधी होते? गुरुजींनी समजावले. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ साली झाला. त्याआधी सिन्नर अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, कलेक्टरीत होते. कागद त्या जागी बरोबर होता.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. कागदावर अंगठा नव्हताच. सही करता न येणाऱ्याचे अंगठ्याचे ठसे घेण्याची पद्धत त्या शतकाच्या अगदी शेवटी रूढ झाली. त्याआधी ज्याचा जो धंदा त्याची निशाणी काढत. शेतकऱ्याचा नांगर, बाईमाणसाची बांगडी. आमच्या पूर्वजाच्या नावापुढे शाईने काढलेला छोटा नांगर होता आणि लिहिले होते, निशाणी नांगराची. खाली चार साक्षीदार. त्यांत दोन आमच्याच भावकीतले.

मजकूरही स्वच्छ होता. बहिणीच्या लग्नासाठी आणि विहिरीसाठी तीनशे रुपये रोख घेतले. व्याज दरमहा शेकडा दोन रुपये. अठरा एकरांचा नंबर चार वर्षांच्या मुदत खरेदीने दिला. चार वर्षांत रक्कम फेडली तर जमीन परत, नाही फेडली तर खरेदी कायम. १८६४ पासून शंभर रुपये आणि त्यावरच्या जमिनीच्या व्यवहारांना नोंदणीची सक्ती झाली होती, त्याप्रमाणे कागदावर नोंदणीचा शेराही होता. म्हणजे खोटा कागद, अडाण्याची फसवणूक, ही गोष्ट कागदापुढे टिकली नाही.

मग जमीन गेली कशी? त्याच रुमालात एक चिठोरे होते. त्यावर आमच्या बाजूने भरलेल्या रकमा कोणीतरी टिपून ठेवलेल्या. बेरीज केली तर मुद्दल जवळजवळ फिटले होते. पण ती टिपणी आमची आमच्याकडेच. सावकाराची सही तिच्यावर कुठेच नाही. एकही पावती नाही. पैसे दिले, तोंडी विश्वास ठेवला, मुदत संपली, खरेदी कायम झाली. सावकार काही संत नव्हता. त्याने घेतलेले जमा धरले नाही. पण त्याला ते करता आले, कारण आम्ही पावती मागितली नाही.

असे हजारो घरांत घडले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि नगर जिल्ह्यातही हा वणवा पसरला. त्यांनी मुख्यतः खतपत्रे हिसकावून जाळली. आपली मान कशात अडकली आहे हे त्यांना नेमके कळले होते. सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कोर्टाला खताच्या मागे जाऊन मुळापासून हिशेब तपासता येऊ लागला, सावकाराला पावती देणे भाग पडले. पण हा कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीच होता. सिन्नर दहा वर्षांपूर्वी नगरमधून निघून नाशकात गेलेले. शेजारच्या संगमनेरच्या कुळाला जो आसरा मिळाला, तो सिन्नरच्या कुळाला तेव्हा मिळाला नाही. पुढे तो कायदा इतर जिल्ह्यांनाही लागू झाला, पण आमची अठरा एकर तोवर गेली होती.

महरचा कागद

तेराव्या कागदापर्यंत आमच्या आठ एकरांचा पत्ता नव्हता. चौदावा कागद वेगळा ठेवलेला होता, पाठीवर फारसी लिपीत दोन ओळी आणि एक मोहोर. आजोबा त्याला निकाहनामा समजत, म्हणून आदराने बाजूला ठेवत आणि कोणी उघडत नसे. पाठीवरच्या ओळी आम्ही स्वतः वाचल्या. महरच्या रकमेच्या ऐवजी, असे शब्द होते. आतला मोडी मजकूर गुरुजींनी वाचला.

साल १८७१. अठरा एकरांची मुदत संपण्याचे वर्ष. आजोबांच्या आजोबांनी आपला आठ एकरांचा नंबर, थळ आंब्याचे शेत, पत्नीला महरच्या बाकीपोटी नोंदणीकृत खरेदीखताने लिहून दिला. लिहून देणार पती, लिहून घेणार पत्नी. त्या बाईंचे नाव आम्हाला त्या दिवशी प्रथम कळले. पाच पिढ्यांत ते कोणाच्या तोंडी उरले नव्हते.

पुढचा दुवा गुरुजींनीच जोडला. आधी वाचून बाजूला ठेवलेला १८७७ चा एक हुकूम त्यांनी पुन्हा पुढे ओढला. ते मोठ्या दुष्काळाचे वर्ष. सावकाराने मागील व्याजापोटी दुसऱ्या नंबरावरही जप्ती आणली होती. त्या बाईंनी कोर्टात हरकत घेतली की हे शेत माझे आहे, माझ्या नवऱ्याचे नाही. खरेदीखत पाहून जप्ती उठवली गेली. दादीचा तुकडा म्हणजे कोणत्या दादीचा, ते तेव्हा कळले. आठ एकर पुरुषाच्या हिमतीने राहिली नव्हती. बाईच्या महरने राहिली होती.

कोणी म्हणेल, जप्ती चुकवण्याची ही युक्तीच की. आम्हीही तसा विचार केला. पण महर हेसुद्धा कर्जच असते आणि ते सावकाराच्या कर्जाच्या आधीचे होते. आधीच्या देण्याला आधी फेडले, यात लबाडी दिसत नाही. लबाडी पुढे झाली आणि ती आमच्या घराने केली.

नोंद कोणाची झाली

त्या बाई विधवा होऊन वारल्या. मागे एक मुलगा, म्हणजे आमचे पणजोबा, आणि दोन मुली. शरीयतप्रमाणे मुलाला दोन भाग, प्रत्येक मुलीला एक भाग. म्हणजे चार एकर मुलाचे, दोन-दोन एकर मुलींचे. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. गावी नोंद होताना आठही एकर पणजोबांच्या एकट्याच्या नावे लागली. मुली सासरी गेलेल्या, कोणी त्यांना विचारले नाही. तीच नोंद पुढे वारसा फेरफाराने आजोबांकडे, वालिदांकडे आणि आमच्याकडे आली. दरम्यान एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला आणि जुना धागा आणखी पुसट झाला. वालिदांच्या बहिणींनी, आमच्या फुफींनी, हक्कसोड लिहून दिले होते. राजीखुशीने दिले की देणे भाग पडले, हे आम्ही त्यांच्या हयातीत विचारले नाही. आता विचारायला त्या नाहीत.

सावकाराने आमचे पैसे जमा धरले नाहीत म्हणून आम्ही शंभर वर्षे त्याला नावे ठेवली. आणि तेच आम्ही आमच्या मुलीबाळींच्या हिश्श्याचे केले होते.

वकिलांनी स्पष्ट सांगितले की इतक्या वर्षांनंतर त्या शाखांचा दावा कोर्टात उभा राहणे कठीण आहे. चुलतभावांत दोन मते पडली. धाकटे म्हणाले, कायदा आपल्या बाजूने आहे, विषय संपवा. आम्ही त्यांना एवढेच विचारले, गिऱ्हाइकाची जुनी बाकी मुदतबाह्य झाली म्हणून आपण ती वहीतून विसरतो का? मग आपल्याकडची दुसऱ्याची बाकी कशी विसरायची? तीन बैठकी झाल्या. शेवटी ठरले की मोबदल्याचे चार भाग करायचे. दोन आमचे, एक-एक दोन बहिणींच्या शाखांचा. आमच्या दोन भागांतून फुफींच्या मुलांचाही हिस्सा काढायचा.

एका शाखेचा शोध मालेगावी लागला. यंत्रमागाच्या कारखान्यालगत एका खोलीत ऐंशी ओलांडलेल्या बाई भेटल्या. आम्ही नातं सांगितले तर त्या म्हणाल्या, "नानी सांगायची, सिन्नरकडे माझ्या आईचं आंब्याचं शेत आहे." ज्या थळाचे नाव आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते, ते त्या खोलीत जिवंत होते. रक्कम घेताना त्यांनी पैशांबद्दल काही विचारले नाही. नानीच्या आईचे नाव काय होते, एवढेच विचारले. आम्ही ते सांगितले.

दुसरी शाखा अजून सापडलेली नाही. तो भाग बँकेत वेगळ्या खात्यात ठेवला आहे. अमानत म्हणून. मिटलेला विषय पुन्हा चव्हाट्यावर येऊ नये, म्हणून कोणाचेही नाव इथे छापत नाही.

बांधवांनी काय करावे

अनुभवातून जे कळले ते थोडक्यात देतो.

१. जुने कागद बाहेर काढून ऊन-वाऱ्यात अलगद पसरा. त्यांना प्लॅस्टिकचा मुलामा देऊ नका, चिकटपट्टी लावू नका. फोटो काढून ठेवा आणि मूळ प्रत घरीच ठेवा. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला तर त्यावरची सही खरी धरण्याची मुभा १८७२ च्या पुरावा कायद्यात होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. कागद हातोहात फिरला की योग्य ताब्याचा मुद्दा कच्चा होतो.

२. मोडी जाणणारा माणूस गाठा. राज्याच्या पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग होत असतात, तिथे शिकलेली तरुण मुले मिळतात. घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला शिकवले तर उत्तम.

३. थळ, सर्व्हे नंबर आणि गट नंबर ही एकाच शेताची तीन नावे आहेत. चतुःसीमा ताडून पाहा. सर्व्हेचा गट कसा झाला, हे भूमी अभिलेख कार्यालयात कळते.

४. तहसील कचेरीतून जुन्या हक्कनोंदणीच्या आणि फेरफारांच्या नकला मागा. आजचा सातबारा शेवटचे पान आहे, गोष्ट फेरफारात असते. सातबाऱ्यावरची नोंद सारा वसुलीसाठी असते. तिच्यामुळेच मालकी ठरत नाही.

५. दुय्यम निबंधकाकडे स्थावर मिळकतीच्या दस्तांची सूची असते. फी भरून ती कोणालाही पाहता येते. घरचा कागद हरवला असेल तर तिथे नक्कल मिळू शकते.

६. रक्कम द्या, पावती घ्या. कर्ज फिटले की सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा त्याच महिन्यात कमी करून घ्या.

७. घरात मृत्यू झाला की तीन महिन्यांत वारसांची वर्दी तलाठ्याकडे द्या. तीत मुलींची नावे घाला. ज्या बहिणीला हिस्सा नको असेल ती नोंद झाल्यावर आपल्या मर्जीने सोडील. आधी नाव, मग सोडणे.

आमच्या उरलेल्या शेतात आता आंब्याचे एकही झाड नाही. या पावसाळ्यात बांधावर दोन रोपे लावली. सातबाऱ्यावर फुफींच्या वारसांची नावे लावण्याचा अर्ज दिला आहे. रुमाल नव्या कापडात बांधून दुकानातल्या कपाटात, खतावणीशेजारी ठेवला आहे.